फोन असताना गाण्यांचा वेगळा प्लेअर कशाला?

काकाजींचा फोन आला तेव्हा मी नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरत होते. "माझी गाणी गेली कुठं पण?" नमस्कार-चमत्कार नाही, थेट हाच प्रश्न. "डाउनलोड करून ठेवली होती न मी. आता पाहून राहिलो तर सगळी राखाडी दिसून राहिली. दाबलं की पैसे भरा म्हणते."

झालं होतं एवढंच, की मुलाने भरून दिलेली गाण्याच्या ॲपची वर्षाची वर्गणी संपली होती. चारशेच्या वर गाणी फोनमध्येच होती, फोनची जागाही अडवून बसली होती, पण वाजायला तयार नव्हती. काकाजींनी त्या आठवड्यात कुणाला न विचारता मेन रोडवरून काडेपेटीएवढा एक प्लेअर आणला. साडेसहाशे रुपये. ना पडदा, ना सिम. चार बटणं, पाठीला चिमटा आणि कडेला मेमरी कार्डाची खाच. घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे, "बाबा, जमाना कुठं चालला अन् तुम्ही काय आणून राहिले!" काकूंना मात्र तो पाहताक्षणी आवडला, कारण त्यात व्हॉट्सॲप नव्हतं. दोघांनीही पंच म्हणून मला बोलावलं.

आता हा प्रश्न एकट्या काकाजींचा नाही. नीट-जेईईच्या क्लासला जाणारी पोरं फोन आईच्या कपाटात ठेवतात आणि गाण्यांसाठी असला डबा मागतात. फिरायला जाणारे मागतात, स्वयंपाकघरात रोज पहाटे भजनं लावणाऱ्या मागतात. तेव्हा जरा मुळापासून पाहू.

या डब्यात असतं काय?

चारच गोष्टी असतात. गाणी साठवायची जागा, फाइल उघडणारी चिप, आकड्यांवरून विजेची लहर तयार करणारा भाग (त्याला डॅक म्हणतात) आणि बॅटरी. तुमच्या फोनमध्येही हे सगळं आहे, शिवाय आणखी शंभर गोष्टी आहेत.

खिशात गाणी घेऊन फिरायची सवय जगाला लावली ती सोनीच्या वॉकमनने, जुलै १९७९ मध्ये. त्यात कॅसेट फिरायची. २३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला, त्यात ५ जीबीची बारकी हार्ड डिस्क फिरत होती. जानेवारी २००५ मध्ये आयपॉड शफल आला आणि फिरणारं सगळंच गेलं. पडदाही गेला. आत होती फ्लॅश मेमरी, म्हणजे आपल्या पेनड्राइव्हमध्ये असते तीच, हलणारा एकही भाग नसलेली. म्हणून मानेवाड्याच्या रिंग रोडवर ऑटो कितीही उसळला तरी गाणं अडखळत नाही. काकाजींचा डबा म्हणजे त्या शफलचाच गरीब चुलतभाऊ. खुद्द ॲपलने शफल आणि नॅनो हे छोटे आयपॉड २०१७ मध्ये बंद केले आणि मे २०२२ मध्ये उरलेल्या आयपॉडचाही निरोप घेतला. मोठ्या कंपनीने बाजार सोडला, वस्तू काही संपली नाही.

आज बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला काकाजींसारखा स्वस्त चिमटेवाला. दुसरा शौकिनांचा महागडा, त्याची किंमत चांगल्या फोनएवढी जाते. तिसरा सारेगामाच्या कारवाँसारखा, आत गाणी भरूनच येणारा. तो २०१७ मध्ये आला, पाच हजार गाणी घेऊन. पण तो खिशातला नाही, टेबलावरचा. इथे बोलायचंय ते मुख्यतः पहिल्याबद्दल.

एवढ्याशा जागेत हजार गाणी मावतात कशी?

सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं माप घेतात, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळं. गुणाकार केला तर एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी होतात, पाच मिनिटांच्या गाण्याला त्रेपन्न. तेच गाणं साध्या एमपीथ्रीमध्ये पावणेपाच एमबीत बसतं, म्हणजे अकरापट लहान होतं. मग मधला माल गेला कुठं?

इतवारीत भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहा. आत कुणीतरी पातेल्याला ठोक देतोय आणि त्याच क्षणी शेजारची मैत्रीण हळूच काही सांगते. तुम्हाला ते ऐकू येत नाही. आवाज हवेत होता, कानापर्यंत आलाही होता, पण मेंदूने मोठ्या ठोक्याखाली तो दाबून टाकला. एमपीथ्री नेमका हाच हिशेब करतो: या क्षणी मोठ्या आवाजाखाली कुठले बारीक आवाज ऐकूच येणार नाहीत ते शोधतो आणि फेकून देतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत हे तंत्र घडलं. फाइलच्या नावाला एमपीथ्रीचं शेपूट लावायचं ठरलं १९९५ मध्ये. त्याचे परवाने विकण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला, त्यामुळे साडेसहाशेच्या डब्यालाही आता ते वाजवण्यासाठी कुणाला काही द्यावं लागत नाही.

किती फेकायचं हे बिटरेटवर ठरतं. बिटरेट म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती माहिती राखून ठेवली तो आकडा, हजार बिटांत मोजलेला. १२८ वर कीर्तन, प्रवचन, बातम्या उत्तम चालतात. गाण्यासाठी २५६ किंवा ३२० ठेवा, त्यापुढे सीडी कुठली आणि एमपीथ्री कुठली हे डोळे मिटून सांगणारे फार थोडे निघतात. स्वतःला त्यात धरणारे बरेच असतात, ती गोष्ट वेगळी.

"म्हणजे एमपीथ्री म्हणजे हलका मालच ना?" असं काकाजींच्या मुलाने विचारलं. काहीच फेकायचं नसेल तर फ्लॅक नावाचा प्रकार आहे. रजई दाबून, हवा काढून पिशवीत भरतात तसा. पिशवी उघडली की रजई जशीच्या तशी. जागा मात्र सीडीच्या निम्म्याच्या आसपास लागतेच. स्वस्त प्लेअरच्या डॅकमध्ये आणि डब्यासोबत फुकट आलेल्या इयरफोनमध्ये इतका दम नसतो की हा फरक कळावा. काकाजींच्या प्लेअरमध्ये दोन गाण्यांमधल्या शांततेत बारीक 'स्स्स' ऐकू येतं. पैसे खर्चायचेच असतील तर फ्लॅकच्या मागे लागण्याआधी इयरफोन बदला.

डाउनलोड केलेलं गाणं आपलं नसतं का?

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगते. ॲपमध्ये 'डाउनलोड' दाबल्यावर गाणं खरोखरच तुमच्या फोनमध्ये येतं, पण कुलूपबंद येतं. किल्ली ॲपकडे, आणि ॲप ती किल्ली वर्गणी चालू आहे का हे पाहूनच फिरवतो.

मंगल कार्यालयातली भांडी आठवा. हॉल तुमच्याकडे आहे तोवर शंभर माणसांचा मसालेभात त्यात शिजवा, कुणी अडवत नाही. पण दुसऱ्या दिवशी पातेलं घरी नेता येत नाही. ॲपमधलं डाउनलोड हे असंच. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या. उतरवलेली गाणी वाजत राहावीत म्हणून तुम्हाला निदान तीस दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावंच लागतं. तेवढ्यात ॲप वर्गणी तपासून घेतो.

आणि कधीकधी हॉलच बंद होतो. २०२४ च्या जानेवारीअखेर रेसो नावाचं गाण्यांचं ॲप भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं सांगितलं. शिवाय ॲप चालू असूनही गाणी जाऊ शकतात: २०२४ च्या मार्चमध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जमला नाही आणि त्या कंपनीची गाणी तिथून नाहीशी झाली. यात कुणी फसवलं असं नाही. भाड्याच्या वस्तूचा स्वभावच तसा.

कार्डावर टाकलेली साधी एमपीथ्री फाइल कुणालाही विचारून वाजत नाही. काल वाजली, आज वाजेल, पुढच्या पोळ्यालाही वाजेल. तुम्ही कोणतं गाणं किती वेळा ऐकलं याची नोंद कुणाकडे जात नाही. माझ्या मते या डब्याचा सगळ्यात मोठा गुण हाच. आणि दोषही याच्याच पोटात आहे: याला नवीन काही कळत नाही. तुम्ही टाकाल तेवढंच आत. कार्ड हरवलं तर कुठला पासवर्ड टाकून ती यादी परत मिळत नाही. ॲपमध्ये निदान फोन बदलला तरी यादी तिकडे तयार असते.

फोन विमान मोडवर टाकला की झालं ना!

काकाजींच्या मुलाचा हा मुद्दा बिनतोड आहे, आणि मी पंच म्हणून तो मान्य केला. घरात एखादा जुना स्मार्टफोन पडला असेल तर त्यातलं सिम काढा, इंटरनेट बंद करा, साध्या फाइली टाका. झाला प्लेअर. पडदा आहे, शोधता येतं, देवनागरी नावं दिसतात, आवाजही बहुतेक वेळा स्वस्त डब्यापेक्षा बरा असतो. साडेसहाशे रुपये खर्च करण्याआधी हे करून पाहाच.

पण दोन अडचणी येतात. जुन्या फोनची बॅटरी म्हातारी झालेली असते आणि वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, ते सदऱ्याच्या खिशात धपधप आपटतं. प्लेअर कॉलरला लावला की विसरून जाता येतं. दुसरी अडचण माणसाची आहे. विमान मोड एका बोटाने निघतो. क्लासच्या पोरांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर ती स्वतःहून डबा मागतात. चांगली गोष्ट आहे, राजेहो. फक्त आई-बापांनी एवढं लक्षात ठेवावं की काही प्लेअरमध्ये व्हिडिओ, गेम आणि वायफायही असतं. तो घेतला तर फोन कपाटात ठेवल्याचा उपयोग काय?

फोनवर गाणं ऐकताना मध्ये येणारे कॉल, ओटीपी, 'काकू तुम्ही पाहिला का हा व्हिडिओ' हे सगळं प्लेअरमध्ये नाही. उलट बाजूने, गाणं ऐकताना चिरंजीवांचा कॉल आलेला कळत नाही. काकाजी तासभर फिरून आले तेव्हा फोन घरीच होता, आणि त्यावर सात मिस्ड कॉल होते. काकूंचं प्लेअरवरचं प्रेम त्या दिवशी जरा उतरलं.

तेच तेच गाणं पुन्हा का येतं?

पडदा नसलेल्या प्लेअरमध्ये मनातलं गाणं शोधता येत नाही. पुढे, पुढे, पुढे दाबत बसायचं, नाहीतर 'शफल' लावायचं, म्हणजे गाणी पिसून कशीही लावायला सांगायचं. दोन दिवसांत काकाजींची तक्रार आली: "हे पिसून नाही राहिलं. एकाच बाईची दोन-दोन गाणी लागोपाठ लावून राहिलं."

पत्ते नीट पिसले तरी दोन राजे शेजारी येतातच की. समजा कार्डावर शंभर गाणी आहेत आणि त्यातली दहा एकाच गायिकेची. अगदी प्रामाणिकपणे पिसली तर तिची निदान दोन गाणी कुठेतरी लागोपाठ येण्याची शक्यता किती असेल? मी हिशेब मांडला. शंभरातून साधारण त्रेसष्ट वेळा. म्हणजे लागोपाठ न येणं हीच कमी घडणारी गोष्ट आहे. आपल्या मनाला मात्र 'कसंही' म्हणजे 'सारखं पसरलेलं' वाटतं. ही तक्रार जगभर इतकी आली की ॲपलने २००५ मध्ये एकाच गायकाची गाणी एकमेकांपासून कमी-जास्त लांब ठेवायची सोय दिली, आणि स्पॉटिफायने २०१४ मध्ये आपली पिसण्याची रीत बदलून गायक पसरवायला सुरुवात केली. गाणी खरोखर कशीही वाटावीत म्हणून त्यांना कमी कशीही करावं लागलं! स्वस्त डब्यात असला शहाणपणा नसतो. तो पत्ते पिसतो आणि वाटतो.

काही डबे तर तेही धड करत नाहीत. बंद करून सुरू केले की पिसलेला क्रम दर वेळी तोच येतो. दुकानात दोनदा बंद-चालू करून पहिली तीन गाणी पाहा, लगेच कळेल.

क्रमाने लावली तरी उलटीपालटी का वाजतात?

हा दोष मला शोधायला अख्खा रविवार लागला. काकाजींच्या हरिपाठाच्या फाइलींना मी शून्य एक, शून्य दोन असे आकडे दिले होते. संगणकावर ओळीने दिसत होत्या. प्लेअरवर आधी पाचवा, मग दुसरा, मग नववा.

कारण असं. लग्नातली आहेराची वही आठवा. त्यात नावं अकारविल्हे नसतात, जो जसा आला तसं त्याचं नाव. मेमरी कार्डातही अशीच एक वही असते. फाइल ज्या क्रमाने कार्डावर लिहिली गेली त्या क्रमाने नोंद. संगणक ती वही वाचून तुम्हाला नावं जुळवून दाखवतो, म्हणून सगळं ठीक दिसतं. स्वस्त प्लेअर तेवढे कष्ट घेत नाही, वही उघडून वरून खाली वाजवत जातो. फोल्डर एकदम उचलून टाकला की संगणक फाइली स्वतःच्या सोयीने लिहितो आणि वहीचा क्रम बिघडतो.

उपाय दोन. कार्ड पूर्ण पुसून एकेक फाइल ओळीने टाका, किंवा फॅटसॉर्टसारखा छोटा प्रोग्राम वापरून ती वहीच नीट लावून घ्या. नुसते आकडे देऊन भागत नाही.

पडदा असलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये आणखी एक मजा असते. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. नावं रोमन लिपीत ठेवा. आणि कीर्तनाच्या दोन तासांच्या फाइली ऐकणार असाल तर दुकानातच विचारा, की बंद केल्यावर जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं का. होत नसेल तर दीड तास पुढे ढकलण्यात बोट दुखेल.

यात आकाशवाणी लागते का?

बऱ्याच डब्यांत एफएम असतं. मग नागपूर केंद्राची विविध भारती १००.६ वर लागते. 'अ' केंद्र लागत नाही, कारण ते मध्यम लहरींवर आहे, ५८५ किलोहर्ट्झवर. एफएमचा कान त्या लहरी ऐकतच नाही.

इयरफोन काढला की रेडिओ खरखरतो, याचंही कारण आहे. एवढ्याशा डब्यात ॲन्टेना ठेवायला जागा नाही, म्हणून इयरफोनची वायरच ॲन्टेनाचं काम करते. १००.६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास तीन मीटर. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटरची तार तिला छान पकडते, आणि इयरफोनची वायर जवळपास तेवढीच किंवा थोडी लांब असते. म्हणूनच ब्लूटूथचे बिनवायरचे इयरफोन लावले तर रेडिओ नीट लागत नाही. वायर गुंतते म्हणून तिला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं तिच्या बाजूने ऐकून घ्यावं.

ब्लूटूथवाला प्लेअर घेताना पडदा हवाच. बिनपडद्याच्या डब्याला इयरफोन जोडताना तो नेमका कुणाला जोडून घेतोय हे कळत नाही. आमच्याकडे तो एकदा शेजारच्यांच्या साउंडबारला जोडला गेला आणि सकाळी साडेपाचला त्यांच्या हॉलमध्ये काकड आरती सुरू झाली.

कानाचं काय?

हा भाग थट्टेचा नाही. आवाजाचा जोर डेसिबलमध्ये मोजतात. हे माप फसवं आहे, कारण १० डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दहापट होते. त्यामुळे वेळही दहापट कमी करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा हिशेब असा: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, ९० वर फक्त ४ तास. आवाज थोडासाच वाढवलाय असं वाटतं, आणि अख्ख्या आठवड्याचं राशन एका संध्याकाळी संपतं.

हल्लीचे बरेच फोन आवाज जास्त झाला की इशारा देतात, काही तर आठवड्याचा हिशेबही ठेवतात. स्वस्त प्लेअर काहीच सांगत नाही. या बाबतीत फोन उजवा, सरळ मान्य. शिवाय कार्डावर गाणी दहा ठिकाणची असतात. जुनं भावगीत हळू वाजतं म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचं नवं गाणं कानात फटाका फोडतं. एमपीथ्रीगेन नावाचा प्रोग्राम सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणतो, तो एकदा चालवून घ्या.

काकाजी वर्दळीच्या रस्त्याने जाताना आवाज वाढवायचे, कारण हॉर्नपुढे काही ऐकू यायचं नाही. आता मी त्यांना कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इयरफोन आणून दिलेत. बाहेरचा गोंगाट दबतो, म्हणून आवाज कमी ठेवता येतो. पण मग ट्रकही ऐकू येत नाही. म्हणून हे फक्त त्रिमूर्तीनगरच्या बागेत, आणि रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे. गाडी चालवताना तर नाहीच. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजत राहिली तर ती ज्यादा झाल्याची खूण आहे, आणि तसं वारंवार झालं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

बॅटरी आणि आपला मे महिना

पडदा नसल्याने बॅटरी खूप टिकते हे खरं. शेवटच्या शफलचा दावा पंधरा तासांचा होता. पण आतली लिथियम-आयन बॅटरी चिकटवलेली असते, बदलायची सोय नसते. दोन-चार वर्षांनी ती थकली की डबाच थकला.

आणि तिला उन्हाचं वावडं आहे. ४५ अंशांच्या वर ही बॅटरी चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तोही सावलीतला. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिक्कीत काय होत असेल ते सांगायला नको. फोन तापला की चार्जिंग थांबवतो. स्वस्त डब्यात एवढी अक्कल असेलच असं नाही. नवतपात तो घरात कूलरसमोर ठेवा, फार तर माठाजवळ. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, टोचू तर मुळीच नका.

मी स्वतः एक चांगला प्लेअर वेगळ्याच रीतीने घालवला. बॅटरी पूर्ण संपलेली, तसाच ड्रॉवरमध्ये टाकला आणि दोन वर्षं विसरले. काढला तेव्हा मेलेला. पार रिकामी झालेली बॅटरी तशीच पडली की आणखी खाली उतरत जाते आणि मग आतलं संरक्षण तिला चार्जच होऊ देत नाही. ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा, तीन-चार महिन्यांनी एकदा पाहा.

कार्डाबद्दल दोन शब्द. बरेच स्वस्त प्लेअर ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचत नाहीत, कारण मोठ्या कार्डांची मांडणीच वेगळी असते. ३२ जीबी घ्या, त्यात १२८ बिटरेटच्या साध्या एमपीथ्रीची सहा हजारांवर गाणी मावतात, एका जन्माला पुरतात. आणि फुटपाथवरच्या स्वस्त कार्डावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. वर ६४ लिहिलेलं, आत ८. गाणी टाकताना काही कळत नाही, सगळी गेल्यासारखी दिसतात, मग अर्धी वाजत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट प्रोग्राम खोटं कार्ड पकडून देतात.

आणि गाणी आणायची कुठून?

खरी मेख इथे आहे. डबा घेणं सोपं, तो भरणं कठीण. पूर्वी मोबाइलच्या दुकानात चिप दिली की पन्नास रुपयांत गाणी टाकून मिळायची. अजूनही काही ठिकाणी मिळतात. ते बेकायदा आहे, हे सांगून टाकते. शिवाय त्या फाइली इतक्या वेळा दाबून लहान केलेल्या असतात की तबला पत्र्याच्या डब्यावर वाजल्यासारखा येतो.

सरळ मार्ग आहेत. घरात पडलेल्या सीडी संगणकावर उतरवून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला सूट आहे, वाटत मात्र फिरू नका. आयट्यून्सच्या दुकानात गाणं विकत मिळतं, आणि काही नवे कलाकार स्वतःच बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, त्यामुळे फार जुनी मुद्रणं त्या हक्कातून मोकळी होत चालली आहेत. पण गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो, म्हणून तेवढ्यावर हुरळून जायचं नाही.

काकाजींच्या जुन्या कॅसेट मी दोन शनिवार बसून उतरवल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकात वायर, एवढंच लागतं. कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ जातो, त्याला पळवाट नाही. त्या ढिगात एक बिननावाची कॅसेट निघाली. काकाजींच्या थोरल्या बहिणीने, आमच्या मोठ्या आत्याने, जात्यावर म्हटलेल्या ओव्या. कधीतरी माहेरपणाला आली असताना कुणीतरी स्वयंपाकघरात टेप ठेवून दिला होता. ती फाइल कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. त्यातली एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे, एक पेनड्राइव्हवर, एक काकूंच्या लॉकरमध्ये, कारण साडेसहाशेच्या डब्यावर माझा तेवढा विश्वास नाही.

काकाजी ती रोज चौथ्या फेरीला लावतात. मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, मागे कुणीतरी "दूध उतू चाललं वो" म्हणून ओरडतं. "एवढा तुकडा कापून देऊ का?" मी विचारलं.

"नको," काकाजी म्हणाले. "ते आई आहे न."